नग २, की जोडी १?

आमच्या घरच्या वाटणीची यादी आजही माझ्या कपाटात आहे. २००६ साली नाना पेठेतील जुना वाडा पाडून तेथे इमारत उभी करण्याचे ठरले, तेव्हा समाजातील दोन ज्येष्ठ गृहस्थांनी मध्यस्थ म्हणून बसून ती तयार केली. दुकान, गोदाम, सोनेनाणे येथपासून तांब्याच्या बंबापर्यंत सर्व काही तीत आहे. तिसऱ्या पानावर ‘शिवणयंत्र नग १’ आणि ‘लोखंडी कपाटे नग ४’ या दोहोंच्या मध्ये एक ओळ आहे : ‘मोठे स्पीकर नग २’. पुढे दादांच्या रकान्यात १ आणि माझ्या रकान्यात १.

मध्यस्थांनी कोणावरही अन्याय केला नाही. दोन भाऊ आणि दोन नग. याहून सरळ हिशेब कोणता असणार? पण वडिलांच्या १९८८ सालच्या घरखर्चाच्या वहीत हीच वस्तू वेगळ्या शब्दांत नोंदलेली आहे. तेथे बाबूजींच्या हस्ताक्षरात लिहिले आहे : ‘स्पीकर जोडी १’. या दोन नोंदींमधील अंतर ध्यानी यायला आम्हा भावांना नऊ वर्षे लागली. त्याची ही हकिकत. तिच्या ओघात, पस्तीस वर्षांहून अधिक काळ एक जुनी वस्तू सांभाळताना काय काय शिकायला मिळाले तेही सांगेन; कारण आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर अशी एखादी जोडी धूळ खात पडलेली असण्याचा संभव आहे.

अँटवर्प ते नाना पेठ

१९८०च्या दशकात परदेशी बनावटीची वस्तू बाजारातून सहज आणता येत नसे. आयातीवर निर्बंध होते आणि जकात जबर होती. मात्र काही वर्षे परदेशात राहून कायमचे परतणाऱ्यास घरगुती सामान सवलतीच्या जकातीत आणण्याची मुभा असे. अशाच सामानातून ही जोडी भारतात आली. बाबूजींचे एक स्नेही हिऱ्यांच्या व्यापारानिमित्त बेल्जियममधील अँटवर्प येथे राहून मुंबईस परतले होते. मुंबईच्या घरात या स्पीकरांना जागा पुरेना. बाबूजी एका लग्नासाठी गेले असता त्यांच्याकडे उतरले, रात्री तासभर गाणे ऐकले आणि सकाळी सौदा करूनच निघाले.

किंमत त्या वेळच्या नव्या स्कूटरहून अधिक होती. आईने विचारले, “यातून उत्पन्न काय?” बाबूजी भुसार मालाचे व्यापारी. ते म्हणाले, “उत्पन्न नाही. पण हा माल किडणारा नाही की सडणारा नाही.” हे विधान पुढे अर्धेच खरे ठरले, त्याविषयी नंतर सांगतो.

हे स्पीकर इंग्लंडच्या केईएफ या कंपनीचे ‘रेफरन्स १०४/२’ होते. रेमंड कुक या अभियंत्याने १९६१ साली केंट परगण्यातील मेडस्टन येथे ही कंपनी स्थापन केली. ‘केंट इंजिनीअरिंग अँड फाउंड्री’ या नावाची आद्याक्षरे म्हणजे केईएफ. संगणकाच्या साहाय्याने स्पीकरचे मोजमाप करण्यात ही कंपनी १९७०च्या दशकात अग्रेसर होती. ‘रेफरन्स’ मालिकेत जोडीतील दोन्ही स्पीकर मोजून परस्परांशी जुळवले जात. डाव्याचा आवाज उजव्याशी तंतोतंत मिळावा, हा त्यामागील हेतू. आमचा नमुना १९८४ साली बाजारात आला.

उंची साधारण ९० सेंटिमीटर आणि वजन प्रत्येकी ३२ किलोच्या घरात. अशा स्पीकरला फळी किंवा स्टँड लागत नाही. तो जमिनीवरच उभा राहतो. वरच्या भागात मधल्या पट्टीच्या स्वरांसाठी दोन लहान शंकू आणि त्यांच्या मध्ये तारस्वरांसाठी एक छोटा घुमट. त्याखाली केवळ एक गोल तोंड. खर्जाचे मोठे शंकू बाहेरून दिसतच नाहीत. ते पेटीच्या आत दडलेले असतात. एका धातूच्या दांडीने परस्परांशी जोडलेले. दोघांचे धक्के एकमेकांना छेदतात आणि पेटी थरथरत नाही. खर्ज दोघांच्या मधल्या पोकळीत जन्मतो आणि गोल तोंडावाटे बाहेर पडतो.

एवढी मोठी पेटी लागते कशाला, असे नव्या पिढीतील मुले विचारतात. खर्जाचा स्वर उमटवायचा तर पुष्कळ हवा हलवावी लागते. ५० हर्ट्झच्या एका लहरीची लांबी जवळजवळ ७ मीटर भरते. तंबोऱ्याला भला मोठा भोपळा का लागतो, याचे उत्तर ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

शौकाला परिमाण

बाबूजींनी परिग्रह-परिमाण व्रत घेतले होते. घरात काय किती असावे याची मर्यादा त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली होती. धोतरजोड्या किती, चपला किती, येथपर्यंत तपशील तेथे होता. स्पीकर घेतले त्या दिवशी त्यांनी त्यात दोन ओळी घातल्या : स्पीकर जोडी एक आणि रेकॉर्ड शंभर. त्याहून अधिक नाही.

जोडीची मर्यादा पाळणे कठीण नव्हते. कस लागला तो शंभर रेकॉर्डच्या मर्यादेचा. शंभर पूर्ण झाल्यावर नवी रेकॉर्ड आणायची तर जुन्यांपैकी एक कोणाला तरी देऊन टाकावी लागे. भीमसेन जोशी यांची एक रेकॉर्ड आणण्यासाठी कोणती काढावी, यावर रविवारची आख्खी दुपार गेलेली मला आठवते. आम्ही मुले एकेक रेकॉर्ड लावून पाहत असू. कोणती काढण्यास मन घेत नाही, हे त्यातूनच कळे. शंभराच्या मर्यादेमुळे आमच्या घरी न ऐकलेली अशी एकही रेकॉर्ड नव्हती. आज माझ्या नातवाच्या फोनमध्ये लाखो गाणी आहेत आणि ‘काय ऐकू?’ असा प्रश्न तो मला विचारतो.

तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केलेली नाही, मूर्च्छेवरून म्हणजे आसक्तीवरून केली आहे. बाबूजी स्थानकातून आल्यावर हा विषय कधी कधी काढत. वस्तू जवळ असणे आणि वस्तूने आपल्याला धरून ठेवणे यांत भेद आहे, असे त्यांचे म्हणणे. स्वतःची परीक्षा पाहण्यासाठी ते पर्युषणाचे आठही दिवस स्पीकरवर पांढरी चादर घालून ठेवीत. इतर दिवशीही नियम असे. संध्याकाळचे सामायिक झाल्यावरच रेकॉर्ड. सामायिक ४८ मिनिटांचे आणि रेकॉर्डच्या दोन्ही बाजू मिळून साधारण तेवढ्याच वेळाच्या. एक सामायिक, एक रेकॉर्ड, नंतर दिवा बंद.

पाटणीवरचा आवाज

जुने मोठे स्पीकर घरात आणणे सोपे, त्यांना घरात बसवणे अवघड. वाड्यातील आमचा दिवाणखाना पहिल्या मजल्यावर होता आणि जमीन लाकडी पाटणीची. पहिल्या दिवशी स्पीकर थेट पाटणीवर ठेवून लावले, तर डग्ग्याच्या प्रत्येक थापेसरशी खालच्या दुकानातील तराजूची पारडी वाजू लागली. पाटणीच डग्गा झाली होती. मग बाबूजींनी प्रत्येक स्पीकरखाली शहाबादी फरशीचा एकेक तुकडा आणि त्याखाली रबराचा जाड पट्टा घातला. घुमारा थांबला.

दुसरा धडा भिंतीचा. दोन्ही स्पीकर आम्ही कोपऱ्यांत सारून ठेवले होते, कारण घरात जागा व्यापणारी प्रत्येक वस्तू कोपऱ्यात सारण्याची आपली सवय. कोपरा खर्जाला फुगवतो. मागील भिंतीपासून सुमारे दोन फूट पुढे घेतल्यावर गायकाचा आवाज गळ्यातून येऊ लागला. आधी तो रांजणातून आल्यासारखा वाटे. ऐकणाऱ्याची गादी आणि दोन स्पीकर यांचा समभुज त्रिकोण साधला, की दोन पेट्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत गायक बसलेला भासतो. मागे दोन्ही अंगांना दोन तंबोरे. पेट्यांतून आवाज येत आहे हे कान विसरतात. स्टिरिओची कल्पना यापेक्षा वेगळी नाही. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ सालीच तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता.

तिसरी गोष्ट ॲम्प्लिफायरची. त्या काळी शौकिनांच्या तोंडी कॉस्मिक, सोनोडाइन ही देशी नावे असत. बाबूजींना एका जाणकाराने सांगितले, की हे स्पीकर चार ओहमचे आहेत; ज्या ॲम्प्लिफायरवर चार ओहम चालेल असे लिहिले असेल तोच घ्यावा, नाही तर तो तापेल. तसाच घेतला. त्याची शक्ती फार नव्हती, पण फार लागतही नव्हती, कारण हे स्पीकर थोड्या विजेत मोठा आवाज देणारे. बाबूजी त्याला ‘थोड्या भांडवलात मोठी उलाढाल’ म्हणत.

वाटणीनंतर

२००४ साली बाबूजी गेले. दोन वर्षांनी वाटणी झाली. दादा बिबवेवाडीस गेले, मी मुकुंदनगरात आलो. आई माझ्याकडे राहिली. वाटणीत कडवटपणा अजिबात नव्हता असे म्हणणे खोटेपणाचे होईल. दुकानाच्या नावावरून शब्द वाढले होते. ते शब्द कोणी परत घेतले नाहीत आणि पुन्हा उच्चारलेही नाहीत.

मूल्याने समान अशी वाटणी करायची, म्हणून टर्नटेबल दादांकडे गेले आणि ॲम्प्लिफायर माझ्याकडे आला. रेकॉर्ड पन्नास-पन्नास. दोन रेकॉर्डचा एक संच होता. त्यातील पहिली तिकडे, दुसरी इकडे. परिणाम असा, की दादांकडे रेकॉर्ड वाजवण्याचे यंत्र होते पण आवाज काढणारे नव्हते, आणि माझ्याकडे आवाज होता पण पन्नास रेकॉर्डपैकी एकही वाजवता येत नव्हती. मी ॲम्प्लिफायरला कॅसेटचे यंत्र जोडले आणि ‘मोनो’चे बटण दाबून एका स्पीकरवर ऐकू लागलो. गाणे कळत होते, शब्द कळत होते. पण तबला, तंबोरा, पेटी आणि गायक हे सारे एकाच खांबाआड उभे राहून एकदम बोलत आहेत असे वाटे. काही महिन्यांनी माझे ऐकणे कमी झाले. दादांकडील स्पीकर तर दारातल्या फुलदाणीचे स्टँड झाला होता. त्यावर क्रोशाचा रुमाल होता.

प्रतिवर्षी संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही एकमेकांकडे जात असू. हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणत असू, वाकून नमस्कार होत असे, वहिनी पारण्याचा मूगाचा पदार्थ पुढे ठेवीत. त्यात खोट नव्हती; मात्र आम्ही सर्वच गोष्टींची क्षमा मागत असल्याने कोणत्याही एका गोष्टीविषयी बोलावे लागत नसे.

तापकीर गल्लीतील निदान

२०१५च्या उन्हाळ्यात माझ्या स्पीकरमधून खर्जाच्या स्वरांवर फरफर असा आवाज येऊ लागला. बुधवार पेठेतील तापकीर गल्ली ही पुण्याची इलेक्ट्रॉनिक्सची बाजारपेठ. तेथील एका वयस्क कारागिराने घरी येऊन पेटी उघडली. आतील खर्जाच्या शंकूंभोवतीची लवचीक कडा फोमची होती. बोट लावताच तिचा काळा चिकट भुगा हातात आला.

पॉलियुरेथेन फोम दमट हवेत हळूहळू विघटित होतो. साधारण पंधरा ते पंचवीस वर्षांत तो असा भुसभुशीत होऊन गळू लागतो. स्पीकर वाजवला तरी आणि न वाजवता ठेवला तरी. रबरी कडा त्या मानाने फार टिकते. इतर स्पीकरांत ही पडझड समोरूनच दिसते. आमचे शंकू पेटीच्या आत असल्यामुळे ती कोणाच्याच लक्षात आली नव्हती. ‘सडणारा माल नाही’ हे बाबूजींचे विधान येथे अर्धे खोटे ठरले.

कारागिराने आणखी दोन दोष दाखवले. तारस्वराच्या घुमटामागील बारीक फटीत एक चुंबकीय द्रव असतो. तो वाळून घट्ट झाल्यामुळे वरचे स्वर दबले होते. शिवाय आतील विभाजक मंडलातील काही कपॅसिटर कालमानाने सुकले होते. सर्व काही दुरुस्त होण्याजोगे आहे, असे तो म्हणाला. मग त्याने विचारले, “दुसरा कुठे आहे?”

मी म्हणालो, “भावाकडे.”

“मग तोही आणा. एकाला नवी कडा आणि दुसऱ्याला जुनी, असं मी करणार नाही. दोघांचा आवाज कधी जुळणार नाही. कारखान्यात जुळवून दिलेली जोडी आहे ही.”

मी दोन महिने दादांना फोन केला नाही. कारण विचाराल तर सांगता येणार नाही. पैसे मागायचे नव्हते, वस्तू मागायची नव्हती. केवळ दुरुस्तीसाठी काही दिवस ती हवी होती. तरीही ‘तुमच्या वाटणीचा स्पीकर द्या’ हे वाक्य तोंडातून निघेना. अखेर त्या वर्षी संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी बिबवेवाडीस गेलो असता फुलदाणीकडे पाहतच बोललो, “दादा, माझ्याकडचा फाटलाय. तुमच्याकडचाही आतून फाटला असणार. कारागीर म्हणतो दोन्ही बरोबरच करावे लागतील.”

दादा काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मला वाटलं, तू ऐकतोस अजून.”

“मला वाटलं, तुम्ही.”

त्यांनी वहिनींना फुलदाणी उचलायला सांगितली. चौथ्या दिवशी दुकानाच्या टेंपोतून बारदानात गुंडाळलेला स्पीकर माझ्या दारात आला. त्याबरोबर टर्नटेबल आणि पन्नास रेकॉर्डही होत्या. चिठ्ठी नव्हती.

सरस, लाख आणि जवसाचे तेल

फोमच्या नव्या कडा परदेशातून टपालाने मागवाव्या लागल्या. त्या चिकटवताना शंकू नेमका मध्यावर बसवणे हेच खरे कौशल्य. केसाइतका कलला तरी आतील तारेचे वेटोळे चुंबकाला घासते. कारागिराने एकेक शंकू बसवून दिवसभर तसाच ठेवला आणि मग मंद खर्जाचा स्वर सोडून, कान लावून खात्री केली.

पेट्यांचे काम मात्र घरी वादाचे ठरले. दोन्ही स्पीकरांवर अक्रोडाच्या लाकडाचा पातळ पापुद्रा आहे. माझ्याकडील पेटीची खालची कड ओलीमुळे सुटली होती. सुताराने सरस लावतो म्हणून सांगितले. आई तेथेच बसली होती. सरस जनावरांच्या कातड्यापासून करतात हे तिला ठाऊक होते. तिने हातानेच नाही म्हटले. साधा पांढरा फेव्हिकॉल वापरला आणि वर फळी ठेवून रात्रभर दाबले. मग पॉलिशचा प्रश्न आला. सुतार लाखेचे पॉलिश म्हणाला. पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य का घातले आहे, याचे विवेचन आईने सुताराला इतक्या शांतपणे ऐकवले, की तो बिचारा ऐकत बसला. मेणही नको, कारण ते मधमाश्यांचे. शेवटी जवसाचे तेल ठरले. मऊ फडक्यावर थोडेसे घेऊन लाकडाच्या रेषांच्या दिशेने चोळायचे, काही वेळाने कोरड्या फडक्याने पुसायचे. पुन्हा दुसऱ्या दिवशी. चार हात झाल्यावर अक्रोडाचा रंग पुन्हा वर आला. तेव्हापासून दर वर्षी एकदा हेच करतो. एक खबरदारी मात्र सांगितली पाहिजे : जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगाळून ठेवू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून, पसरून वाळवावीत.

काम पूर्ण झाले त्या रात्री दादा आणि वहिनी जेवायला होते. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपली. मी शहाबादी फरशीचे तेच दोन तुकडे मांडले. वाडा पाडताना का कोण जाणे, ते मी उचलून आणले होते. दादांनी स्वतः रेकॉर्ड निवडली : ‘कॉल ऑफ द व्हॅली’, १९६७ सालची. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. आम्ही दोघे शेजारी बसलो होतो. पहिली बाजू संपेपर्यंत कोणी काही बोलले नाही. सुई शेवटच्या खाचेत फिरत राहिली, तेव्हा आईच उठली आणि तिने ती उचलली.

पाडवा ते पाडवा

त्यानंतर प्रश्न उरला, की जोडी राहणार कोठे? दादा म्हणाले, “तुझ्याकडेच ठेव.” मला ते पटेना. मी म्हणालो, “तुमच्याकडे न्या.” त्यांनाही ते पटेना. मग वहिनींनी तोडगा काढला. वहीचे वर्ष पाडव्याला बदलते, तसे स्पीकरही बदलावेत. तेव्हापासून दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन आटोपले की टेंपो येतो. एक वर्ष बिबवेवाडी, एक वर्ष मुकुंदनगर. शंभर रेकॉर्डही सोबत जातात. आजही शंभरच आहेत. नवी आली की एक जाते. बाबूजींचे व्रत आम्ही घेतलेले नाही, पण ही एक ओळ पाळतो.

ज्याचे वर्ष नसते तो रविवारी ऐकायला येतो. म्हणून जोडी कोणाचीही असो, रविवारी आम्ही दोघे तिच्यासमोर असतो. दुकानाच्या नावाविषयीचे ते जुने शब्द? त्यांविषयीही एका रविवारी बोलणे झाले. ते येथे लिहिण्याचे कारण नाही.

आपल्या माळ्यावर असतील तर

घरात जुने मोठे स्पीकर असतील तर भंगारात देण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात. समोरची जाळी काढून शंकूच्या कडेला हलकेच बोट लावावे. फोम गळत असेल तर तो बदलता येतो. शंकू फाटलेला नसला की पुष्कळ काही वाचते. जोडीतील एकच बिघडला असला तरी फोमचे काम दोन्हींचे बरोबर करावे.

तारा जोडताना दोन्ही स्पीकरांची लाल-काळी टोके ॲम्प्लिफायरच्या त्याच खुणांना यावीत. एकाची तार उलटी लागली तर एक शंकू पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि दोघे परस्परांचा खर्ज खातात. पुष्कळदा ‘स्पीकर जुने झाले, आवाज पातळ झाला’ अशी तक्रार असते आणि दोष केवळ एवढाच निघतो.

ॲम्प्लिफायर निवडताना स्पीकरच्या मागे किती ओहम लिहिले आहे ते आधी वाचावे. स्पीकर बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नयेत. फोम आणि पापुद्रा दोहोंना ते घातक आहे. उन्हाची तिरीपही थेट नको. लाकडाला वाळवी लागू नये यासाठी फवारण्या करत बसण्यापेक्षा तळाशी हवा खेळती ठेवावी आणि महिन्याकाठी एकदा खाली पाहावे. हलवण्यापूर्वी आई पूंजणीने तळ झाडून घेत असे, खाली एखादी मुंगी असेल तर तिला वाट मिळावी म्हणून. वर्षातून एकदा हलणाऱ्या या जोडीसाठी आजही पूंजणी पहिल्याने बाहेर निघते.

आणि हौस म्हणून नवी घेऊ पाहणाऱ्यांना एकच सांगणे : एक जोडी घ्या, चांगली घ्या आणि मग दुसरी पाहू नका. दुरुस्तीला जो खर्च आला तो नव्या वस्तूच्या मानाने थोडा होता. आणि टिकणारी वस्तू निष्कारण टाकून देणे हा अनर्थदंडच नव्हे का?

दादांना आता सत्तरी उलटली आहे. गेल्या पाडव्याला जोडी त्यांच्याकडे गेली. स्पीकर जागेवर लावून रेकॉर्ड ठेवली, तेव्हा संतुराच्या वरच्या तारांची झणक त्यांना ऐकू येत नव्हती. वयाबरोबर आधी वरचेच स्वर कमी होत जातात. त्यांना वाटले, घुमटातील द्रव पुन्हा सुकला. मी दोन्ही पेट्यांना जवळून कान लावला आणि सांगितले, “नाही दादा, स्पीकर ठीक आहेत.”

ते समजले. मग म्हणाले, “तुला येतंय ना ऐकू? मग राहू दे तसंच.” आणि दुसरी बाजू लावण्यासाठी उठले.